गवत काढल्याचा दाखला

८ ऑक्टोबर २०२५, बुधवार

सही केली नाही. आजही नाही.

सुहैल अर्बाबच्या फार्मवर गेले होते. अल खजना, घरापासून तासभर. नेट-हाउस उभं आहे, ठिबकच्या नळ्या टाकून झाल्यात, टाकी बसली, विहिरीवर मीटर बसला. सगळं आमच्या कंपनीने केलं आणि चांगलं केलं. आता घोडं अडलंय ते माझ्या दाखल्यावर. योजना तशी साधी. इथलं चाऱ्याचं गवत जमिनीतलं पाणी घटाघटा पितं. ते काढून टाका, ठिबकवर भाजी घ्या, विहिरीचा उपसा कमी करा — खर्चाचा मोठा वाटा सरकार देतं. पण गवत खरंच काढलंय, असं नोंदणी झालेल्या कृषी इंजिनिअरने लिहून द्यायचं. आमच्या कंपनीत असा इंजिनिअर एकच आहे. मी.

आणि गवत आहे! खजुरांच्या मागे, गेटवरून दिसणार नाही असं, गुडघाभर, हिरवंगार. आमचा फोरमन शाहबाज बुटाने माती उकरत म्हणाला, "मॅडम, वो अर्बाब की ऊँटनी का है. उसको हाथ नहीं लगाने का."

बापूंना फोन केला. सासरा आणि बॉस एकच माणूस असला की फोनवर कुठला आवाज लावायचा हे मला अजून जमलेलं नाही. म्हणाले, "अगं शर्वाणी, एवढंसं गवत. कोण बघतंय? टाक सही." मी म्हटलं, मी बघितलंय ना. तर हसले. "बरं, बघू."

बापू कुणालाच नाही म्हणत नाहीत. बघू म्हणतात, होईल म्हणतात, इन्शाल्ला म्हणतात. भांडायला समोर काही उरतच नाही. गाडी फार्मच्या बाहेर सावलीत लावून हे लिहितेय. घरी लिहायला बसले की कोणीतरी चहा हवा का विचारायला येतं.

११ ऑक्टोबर, शनिवार

ईमेल आली!!

खाऱ्या पाण्यावर पिकं वाढवणारं ते संशोधन केंद्र. माझी निवड झाली. जानेवारीत रुजू व्हा म्हणतात. मिहिकाच्या स्विमिंग क्लासबाहेर गाडीत बसून वाचली, परत वाचली, मग उगाच गाडीचा एसी बंद करून चालू केला.

राहुरीला शिकत होते तेव्हा हेच करायचं होतं मला. माती, मीठ, बियाणं. लग्न होऊन अबू धाबीला आले तेव्हा सगळ्या मैत्रिणी म्हणाल्या, नशीब काढलंस, सासरची कंपनी तुझ्याच विषयातली, घरी बसावं लागणार नाही. नाहीच बसावं लागलं. आल्या आल्या माझी डिग्री अटेस्ट झाली, कंपनीच्या नोंदणीवर माझं नाव चढलं, आणि सर्टिफिकेट फ्रेम करून बापूंच्या केबिनमध्ये देवाच्या शेजारी लागलं. आता कंपनी चालते ती या योजनेच्या कामांवरच. इंजिनिअर नाही तर नोंदणी नाही, नोंदणी नाही तर काम नाही. मग मी दिवसभर करते काय? सह्या. आराखडे बघते, फोटो बघते, सह्या करते. माती हातात घेतल्याला किती वर्षं झाली ते आठवतसुद्धा नाही.

मिहिका ओले केस घेऊन गाडीत चढली. "मम्मा, व्हाय आर यू स्मायलिंग?" मी म्हटलं, असंच. "दॅट्स नॉट अ रीझन," म्हणाली. सहा वर्षांची पण नाही अजून.

प्रसन्नला सांगितलं. नवरा आहे माझा आणि कंपनीचं ऑफिसही तोच बघतो. आधी "वा!" म्हणाला, मनापासून म्हणाला. मग लगेच, "बापूंना सांगितलंस?"

"तू सांग ना."

"ऑफर तुला आलीये."

झालं. खलास.

१२ ऑक्टोबर, रविवार

सांगितलं. दुपारी जेवताना.

बापूंना आनंद झाला. खोटा नव्हता, मी त्यांचा चेहरा ओळखते. "पगार केवढा?" म्हणाले. मी दिरहॅममध्ये सांगितला, त्यांनी तोंडातल्या तोंडात रुपयांत केला आणि सासूबाईंना मोठ्याने ऐकवला. "कमल, बघ. आपली सून!" मग पाणी प्यायले आणि म्हणाले, "तू झालंच समज. फक्त सुहैलचं काम मार्गी लागू दे. आणि तुझ्या जागी कोणी बघायला हवं. बाहेरचा इंजिनिअर आणला की वर्षात पळतो गं, दुसऱ्याने थोडे जास्त दिले की गेला. घरचं माणूस ते घरचं."

आईंनी (सासूबाईंना मी आईच म्हणते) माझ्या ताटात सुरमईचा मोठा तुकडा वाढला.

कायद्याने मला कोणी अडवू शकत नाही. महिन्याची नोटीस दिली की मोकळी. पण ती द्यायची कोणाला? रोज सकाळी ज्यांच्या हातात मी चहाचा कप देते त्यांना? कोणी ओरडत नाही, कोणी टाकून बोलत नाही, आणि मला दारापर्यंत जाता येत नाही. राग येतो तोही कोणावर काढायचा कळत नाही, मग मिहिकाच्या होमवर्कवर निघतो.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज अर्बाबशीच बोलायचं ठरवून गेले. आमच्याकडे शेतमालकाला सगळे अर्बाबच म्हणतात, मीही. सुहैल अर्बाब गवताच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता, समोर त्याची उंटीण. कॉफी आली, खजूर आले. त्याचं हिंदी माझ्यापेक्षा बरं आहे.

"दाँत नहीं है इसका," म्हणाला. "सख़्त घास नहीं खाती. ये नरम है, ये खाती."

मी योजनेत चालणारं दुसरं गवत नेलं होतं. वाळवंटातलंच, कमी पाण्यावर येणारं. उंटिणीने हुंगलं आणि मान फिरवली. अर्बाब हसला. "शूफ? देखा? अब सरकार को बोलो, इसका भी फाइल बनाओ."

मग गंभीर झाला. विहीर दाखवली. पूर्वी पाणी कुठे होतं ते हाताने दाखवलं, आता कुठे गेलंय ते दाखवायला हात पुरला नाही. "सरकार सही बोलता. पानी बचाना है. मैं ज़बान दिया, साइन किया. लेकिन इसको कौन समझाएगा? तुम समझाओ."

मी म्हटलं, अर्बाब, गवत आहे तोवर मी दाखला देणार नाही.

"मालूम. मत दो," म्हणाला. अगदी शांतपणे.

म्हणजे घाई त्याला नाहीच. घाई बापूंना आहे, त्यांनी पदरचं साहित्य घातलंय. आणि मला आहे. परत येताना विचार आला, एका म्हाताऱ्या उंटिणीच्या दातांवर माझी नोकरी अडकलीये. हसू आलं, मग डोळ्यांत पाणीच आलं. पेट्रोल पंपावर थांबून तोंड धुतलं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

आईंचे अनारसे यंदा जाळीदार झाले. घरभर तुपाचा वास.

बापूंची दिवाळी म्हणजे डबे वाटणं. बँकेतल्या माणसापासून वॉचमनपर्यंत, ज्याच्याशी वर्षात चार शब्द बोलले त्याच्या दारात चकली-करंज्यांचा डबा गेलाच पाहिजे. स्वतः गाडी चालवत जातात, स्वतः हातात देतात. चाळीस वर्षांपूर्वी एकटे आले होते इथे फिटर म्हणून, तेव्हा दिवाळीत कोणी विचारलं नव्हतं, हे प्रत्येक दिवाळीत सांगतात. मला त्यांचं हे आवडतं. आवडत होतं.

संध्याकाळी पूजेची तयारी करताना सहज म्हणाले, "ओवेस साहेबांनाही देऊन आलो."

मी हातातलं तबक खाली ठेवलं. ओवेस साहेब म्हणजे योजनेचे तपासणी अधिकारी. सुहैलची फाइल त्यांच्याच टेबलावर.

"बापू, आपली फाइल आहे त्यांच्याकडे."

"म्हणून तर! एवढी ओळख, आणि दिवाळीला रिकाम्या हाताने? चकलीला कोणी लाच म्हणतं का?"

"नुसता फराळच ना?"

"हो गं. आणि अत्तराची एक बाटली." मग कौतुकाने म्हणाले, "सांगितलं त्यांना, शर्वाणी मॅडमकडून आहे म्हणून. फाइल तुझी, मान तुझा."

पूजेत माझं लक्ष नव्हतं. आरतीत प्रसन्नने कोपराने ढोसलं तेव्हा टाळ्या वाजवायला लागले.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

डबा परत आला. त्यांच्या ऑफिसचा ड्रायव्हर देऊन गेला, पोच घेऊन गेला. चिकटपट्टीसुद्धा उघडलेली नाही. आई म्हणाल्या, "एक अनारसा तरी खायचा माणसाने."

२७ ऑक्टोबर, सोमवार

नोटीस. माझ्या नावाने.

फाइल तपासणीत असताना अधिकाऱ्याला भेटवस्तू का दिली याचा खुलासा करा. खुलासा मान्य होईपर्यंत सुहैलची मदत थांबवली आहे. आणि तोवर कंपनीच्या नोंदणीत कोणताही बदल करता येणार नाही.

कोणताही बदल. म्हणजे इंजिनिअरही बदलता येणार नाही. कोणी मिळाला तरी नाही!

बापू एकदम म्हातारे दिसायला लागले. मग उठले, कपडे बदलले, म्हणाले, "मी जाऊन माफी मागतो, चूक माझी आहे." निघाले, तर हातात मिठाईचा बॉक्स! मी आणि प्रसन्नने दारातच धरलं त्यांना. "अहो, माफी मागायला जातोय, हात हलवत कसा जाऊ?" त्यांना खरंच कळत नव्हतं. आणि मला त्यांच्यावर चिडताही येईना. मग आत जाऊन उशीत तोंड खुपसून चिडले.

४ नोव्हेंबर, मंगळवार

ओवेस साहेबांसमोर बसले. जॉर्डनचे आहेत, हळू बोलतात. म्हणाले, तुमचा सण होता हे ठाऊक आहे, माझी आईही ईदला गल्लीभर ताटं पाठवते. पण मला नोंद करावीच लागते, नाही केली तर उद्या मी या खुर्चीत नसेन. मग सरळ विचारलं, "मॅडम, डिड यू सेंड इट?"

काय सांगणार? हो म्हटलं तर माझ्या नावावर डाग, आणि संशोधन केंद्र काही आंधळं नाही. नाही म्हटलं तर बापूंनी माझं नाव परस्पर वापरलं असं होतं, कंपनी गेली. मी म्हटलं, "इट वेंट फ्रॉम अवर हाउस." मी पुढे सांगितलं, सासऱ्यांनी दिला, आमच्याकडे सगळ्यांनाच देतात, मला नंतर कळलं, वाईट हेतू नव्हता.

मग म्हणाले, तुमचा दाखला अजून का आला नाही? काम तर संपलंय.

मी म्हटलं, गवत आहे अजून. खजुरांच्या मागे. सगळं काढल्याशिवाय देणार नाही.

त्यांनी पेन खाली ठेवलं. थँक्यू म्हणाले. हेच सगळं लिहून द्या म्हणाले, तिथेच बसून दिलं.

घरी आल्यावर बापूंना सांगितलं. "गवताचं कशाला सांगितलंस?" पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला त्यांनी. लगेच आपणच खाली मान घातली. "जाऊ दे. जेव तू."

१० नोव्हेंबर, सोमवार

केंद्राला लिहिलं. घरगुती अडचण आहे, मुदत द्या. घरगुती अडचण! शब्द काय नेमका सापडला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दिली. फेब्रुवारी अखेरपर्यंत. त्यापुढे थांबणार नाही असं स्पष्ट लिहिलंय.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दिवसभर कंपनीच्या गोडाऊनमध्ये. धाकटा दीर संग्राम बघतो ते. बारावीनंतर बापूंच्या हाताखाली लागला, कॉलेजचं तोंड बघितलं नाही, पण कुठला पाइप कुठल्या रॅकवर हे झोपेतही सांगेल. नवीन काम नाही त्यामुळे माल पडून. पोरं नळ्यांच्या गुंडाळ्यांवर बसून मोबाइल बघत होती.

"वहिनी, तू गेलीस की हे सगळं असंच," संग्राम म्हणाला. वाईट बोलायचं नव्हतं त्याला. "आपल्या घरात डिग्री तुझी एकटीचीच ना."

मी म्हटलं, घे की तू पण एक. हसला. मला हसू आलं नाही. एवढी माणसं, एवढा संसार, आणि सगळ्यांचं ओझं माझ्या एका कागदावर. कोणी टाकलं हे ओझं? कधी टाकलं? मला विचारल्याचं आठवत नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

राष्ट्रीय दिनाची सुट्टी. मिहिका झेंडा गुंडाळून घरभर फिरतेय. आमच्या खलिफा सिटीतले सगळे रस्ते गाड्यांनी भरलेले, त्यामुळे कोणीच बाहेर पडलं नाही.

आई सोफ्यावर बसून संग्रामसाठी आलेले बायोडेटा मोबाइलवर वाचत होत्या, बापू ऐकत होते. "ही दापोलीची, बी.एस्सी. अ‍ॅग्री. ही अकोल्याची, एम.एस्सी. ही अंतरा, परभणीला बी.टेक. केलंय, अ‍ॅग्रीच. चांगली दिसते."

मी वाटाणे सोलत होते. म्हटलं, "आई, संग्रामला बायको हवीये की कृषी विद्यापीठ?"

आईंनी चष्मा काढून पुसला. बापू म्हणाले, "वाटाणे छान आहेत गं यंदा."

३ डिसेंबर, बुधवार

प्रसन्नला विचारलं. तो दाढी करत होता.

"अगं, त्यात काय? तुझ्या वेळीही बापूंनी डिग्रीच बघितली होती. मी मात्र फोटो बघितला हं." आरशातून डोळा मारला मला!

मी हसले. सवयीने.

मग दिवसभर तेच डोक्यात. साखरपुड्याच्या आधी माझ्या डिग्रीची कॉपी मागवली होती यांनी. बार्शीला माझ्या आईला केवढा अभिमान वाटला होता, शेजारीपाजारी सांगत होती, मुलीच्या शिक्षणाची कदर आहे हो त्यांना. होतीच कदर. नोंदणीचा अर्ज तयार असणार तेव्हा.

माझा अपमान झालाय का? नीट सांगता येत नाही. मारलं नाही, छळलं नाही, हुंडा घेतला नाही. मला गाडी दिली, मान दिला, आजारी पडले तेव्हा आईंनी उशाशी बसून डोकं दाबलं. प्रसन्न चांगला आहे. पण सून म्हणून आणली आणि कामाला लावली असं नाही हे. कामालाच आणली, आणि राहायला जागा हवी म्हणून सून केली. असं लिहिलं की वाईट दिसतं. तरी खोडणार नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

सुटलो! लेखी समज देऊन प्रकरण बंद. ओवेस साहेबांनी शेरा मारलाय की इंजिनिअरने स्वतःहून अपुऱ्या कामाची माहिती दिली. माझ्या नावावर काही नाही. बापूंनी देवापुढे साखर ठेवली. आणि देवापुढेच ठेवली, कुठे घेऊन गेले नाहीत.

१८ डिसेंबर, गुरुवार

अर्बाबचा फोन. "आओ, देखो."

गवत गेलं होतं. शाहबाजने मुळासकट काढलं, माती उघडी, ओली. उंटीण नव्हती. लिव्याच्या फार्मवर भावाकडे पाठवली म्हणाला, तिथे दळलेला चारा भिजवून घालणार आहेत. खाईल का? "इन्शाल्ला," म्हणाला. खुर्ची मात्र तिथेच होती, मोकळ्या जागेकडे तोंड करून, आणि तो तिच्यातच बसला. मी मीटरचा आकडा घेतला, फोटो काढले, गाडीच्या बॉनेटवर ठेवून सही केली. एवढे दिवस जिच्यासाठी तडफडत होते ती सही, आणि करताना अर्बाबकडे बघवेना. कॉफी घेतली नाही मी. त्याने आग्रहही केला नाही.

८ जानेवारी २०२६, गुरुवार

सुहैलची मदत मंजूर. आमचेही पैसे सुटतील. बापूंनी पेढे आणले, घरातच वाटले.

तवा तापलेला होता म्हणून लगेच विषय काढला. बापू, आता माझं? बापूंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "संग्रामचं त्या परभणीच्या अंतराशी जमलं की तू मोकळी. अंतराचं नाव एकदा नोंदणीवर चढलं की तुझं उतरवू. शब्द देतो."

शब्द देतो म्हणाले! बघू नाही, होईल नाही.

१७ जानेवारी, शनिवार

जमलं. ८ फेब्रुवारीला साखरपुडा, लग्न लगेच पाठोपाठ, कारण संग्रामला धीर नाही. रोज व्हिडिओ कॉल. परवा पाइप मोजता मोजता स्वतःशीच हसत होता, पोरांनी त्याची नक्कल केली.

केंद्राला कळवलं, २३ फेब्रुवारीला रुजू होते. मॉलमध्ये गेले आणि शेतात घालायचे बूट घेतले. घरी आल्यावर घालून बेडरूममध्ये चालून बघितलं. मिहिका म्हणाली, "मम्मा, यू लुक लाइक अ बॉय." मी म्हटलं, थँक्यू.

खूप दिवसांनी भूक लागली मला.

१९ जानेवारी, सोमवार

भूक गेली परत. अंतराचा फोटो बघत होते. चोवीस वर्षांची आहे. शेतात उभी आहे, पँट चिखलाने भरलेली, हसतेय. तिच्या आईनेही शेजारी सांगितलं असेल, शिक्षणाची कदर आहे हो.

मी सुटतेय ती तिला आत घालून. दुसरं काय?

२२ जानेवारी, गुरुवार

आई म्हणाल्या, "अंतराला तुझ्याशी एकटीशी बोलायचंय. शनिवारी फोन करेल." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, "चांगलं बोल हो."

बापू पेपर वाचत होते. पान उलटलं नाही बराच वेळ.

आजचा सगळा दिवस याच्यात गेला. तिला खरं सांगायचं? की बाई, तुझी डिग्री फ्रेममध्ये जाईल आणि तूही. सांगितलं तर ती नाही म्हणेल. संग्रामचं लग्न मोडेल, आणि मी इथेच. केंद्र आता थांबणार नाही. आणि नाही सांगितलं तर? तर काय, तिचीही गाडी येईल, तिलाही सुरमई वाढतील. मी जगलेच ना. पोटच्या पोरीला मी इथे दिली असती का? हा प्रश्न विचारायचाच नाही असं ठरवलंय.

प्रसन्न म्हणाला, "एवढा काय विचार करतेस? आपलं घर चांगलं आहे हे खोटं आहे का?"

नाही. खोटं नाही.

२४ जानेवारी, शनिवार

बोलले. गाडीत बसून, काचा लावून.

"ताई, घर कसं आहे?" म्हणाली. मी एका दमात सांगून टाकलं — फार चांगली माणसं आहेत, काम करू देतात, मान देतात, मला कधी काही कमी पडलं नाही, तू बिनधास्त ये.

ती केवढा मोठा श्वास सोडून हसली. "बरं वाटलं, ताई. मला इतकं अपराधी वाटत होतं. मी बापूंना पहिल्याच फोनवर सांगितलं होतं ना, की लग्न करेन पण कंपनीत येणार नाही, नोंदणीवर नाव देणार नाही, मला तिथे शिकवायचंय. ते म्हणाले, काही हरकत नाही बेटा, शर्वाणी आहेच."